जुन्या शाळागृहांच्या आठवणी आणि त्यांची नोंद



माणगाव तालुक्यातील एखाद्या वाडीवर ऐंशी वर्षांच्या गृहस्थास त्यांचे शिक्षण कोठे झाले असे विचारले, तर उत्तरात शाळेचे नाव क्वचितच येते. 'मारुतीच्या देवळात', 'चावडीच्या ओट्यावर', 'अमक्यांच्या पडवीत' असे ते उत्तर असते. शाळा म्हणजे प्रथम एक जागा, आणि ती जागा बहुधा दुसऱ्या कोणाची तरी, हा त्या पिढीचा अनुभव होय. मागाहून शाळेला स्वतःची इमारत मिळाली, जुनी पडवी पुन्हा घरधन्याच्या वापरात गेली, देवळाचा जीर्णोद्धार झाला, आणि तेथे एके काळी मुळाक्षरे गिरविली जात असत, याची खूण केवळ माणसांच्या मनात उरली. ती माणसे आता थोडी राहिली आहेत.

या भागातील जुन्या शाळागृहांची बांधणी फार साधी असे. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा, वर पेंढ्याचे किंवा गवताचे छप्पर. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात असले छप्पर दरवर्षी शाकारावे लागे. मृग लागण्यापूर्वी शाकारणी झाली नाही, तर आषाढात वर्ग भरविणे अशक्य होई. वाऱ्याच्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधावे लागत. जमीन सारविण्याचे काम मुलींकडे असे. ते मुलींकडेच का असावे, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडला नाही. पुढे जांभ्या चिऱ्याच्या भिंती आल्या आणि मंगळुरी कौले आली. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केला. तेथील कौले गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने कोकणातील बंदरांत उतरत आणि तेथून आत पोहोचत. जुन्या कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव उठविलेले आढळते, आणि काहींवर १८६५ हा आकडाही असतो. तो कारखान्याच्या स्थापनेचा आहे, शाळेच्या बांधकामाचा नव्हे. शाळेचा वर्धापनदिन ठरविणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

तथापि भिंती आणि छप्पर यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. शाळेची जागा कोणाच्या मालकीची होती, यावर शाळेत कोणी यावे हे पुष्कळदा ठरत असे. याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. शेजारच्या महाड तालुक्यातील लाडवली गावी १९०३ साली जन्मलेले रामचंद्र बाबाजी मोरे हे पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे सहकारी आणि १९२७ च्या महाड परिषदेचे एक प्रमुख संयोजक झाले. त्यांनी बालपणी शिष्यवृत्ती मिळविली आणि १९१४ च्या सुमारास ते महाडच्या इंग्रजी शाळेत दाखल होण्यासाठी गेले. तेथे त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्यांच्या आत्मकथनात याचे जे कारण आले आहे, ते प्रत्येक शिक्षकाने मनात जपावे असे आहे. शाळा भाड्याच्या इमारतीत भरत होती, आणि अस्पृश्य मुलाला आत घेणे इमारतीच्या मालकाला मान्य नव्हते. मुलाची योग्यता सिद्ध झाली होती. आडवा आला तो घरमालक. अकरा वर्षांच्या त्या मुलाची तक्रार वर्तमानपत्रात छापून आली, सरकारी अनुदान जाण्याची भीती उत्पन्न झाली, आणि मग दार उघडले. तेही पुरते नाही. मुलाला वर्गाबाहेर बसावे लागले.

याच्या उलट उदाहरण पुण्याचे आहे आणि ते याहून साठपासष्ट वर्षांनी जुने आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी शाळा काढली, ती बुधवार पेठेतील तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात. त्या काळी मुलींच्या शाळेला जागा देणे म्हणजे जातिबांधवांचा रोष ओढवून घेणे होते. एका घरमालकाने दार उघडले आणि एका घरमालकाने ते लावून घेतले. इतिहासाच्या पुस्तकात संस्थापकांची नावे येतात, ती यावीतच. परंतु जागा देणाऱ्याचे अथवा नाकारणाऱ्याचे कृत्यही शाळेच्या इतिहासाचाच भाग आहे. भिडेवाडा पुढे मोडकळीस आला, तेथे दुकाने थाटली गेली, दीर्घकाळ न्यायालयीन वाद चालला आणि अखेर डिसेंबर २०२३ मध्ये स्मारक उभारण्यासाठी पुणे महानगरपालिकेने तो उतरविला. त्या पडक्या वास्तूत शिकविले काय गेले होते, हे लोकांनी पावणेदोनशे वर्षे ध्यानात ठेवले नसते, तर तेथे स्मारकाचा प्रश्नच उपस्थित झाला नसता.

जागेचा हा प्रश्न कायद्याच्या भाषेतही आला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा यांचा वापर अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना करू द्यावा, असे सांगणारा तो ठराव म्हणून सर्वांना ठाऊक आहे. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केले आणि २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर जे घडले, त्याची पार्श्वभूमी हीच. पण त्याच ठरावात सार्वजनिक शाळांचाही उल्लेख होता, हे सहसा सांगितले जात नाही. तळ्याची आठवण जागी राहिली, शाळेची मागे पडली. वास्तविक, देवळात भरणाऱ्या शाळेला देवळाचेच निर्बंध लागत. गावात शाळा आहे असे कागदोपत्री दिसे, आणि तरीही गावातील काही मुलांना तिच्या पायरीपलीकडे जाता येत नसे. म्हणून स्थानिक मंडळांनी, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांनी, शाळांना स्वतःच्या इमारती बांधून दिल्या, तेव्हा केवळ पावसापासून निवारा मिळाला असे नव्हे. कोणा एकाच्या मर्जीवर न चालणारी जागा गावात प्रथमच निर्माण झाली. अर्थात इमारत सरकारी झाली म्हणून आतील बसण्याची व्यवस्था आपोआप बदलते असे नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. ती शाळा सरकारी होती. तरीही त्यांना कोपऱ्यात, घरून आणलेल्या तरटावर बसावे लागे, ते तरट रोज सायंकाळी घरी न्यावे लागे, आणि शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी मिळत नसे, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तो दिवस ठरविता आला, कारण शाळेने आपली नोंदवही सांभाळली होती.

महाविद्यालयांच्या जुन्या वास्तूंची कथाही काही वेगळी नाही. माणगाव तालुक्यातील गोरेगावी १८७९ च्या जूनमध्ये जन्मलेले कामगारनेते नारायण मल्हार जोशी १९०१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाले आणि त्यानंतर काही वर्षे त्यांनी शाळांतून शिक्षकाचे काम केले. ज्या कॉलेजात ते शिकले त्याचे मूळ दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात सापडते. पेशवाईनंतर १८२१ साली तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तीही ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतीच. तिच्यातूनच पुढे पूना कॉलेज झाले, १८६४ साली त्यास डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या दगडी इमारतीत गेले. जुना वाडा मागे राहिला. १८७९ च्या मे महिन्यात, म्हणजे गोरेगावी जोशांचा जन्म होण्यापूर्वी महिनाभर आधी, पुण्यात मोठी आग लागली. तीत बुधवारवाडा नष्ट झाला आणि विश्रामबागवाड्याचाही काही भाग जळाला.

येरवड्याच्या इमारतीवर पुढे जो प्रसंग आला, तो शिक्षकांनी विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. १९३४ साली सरकारने काटकसरीच्या कारणाने हे कॉलेज बंद केले. इमारत रिकामी झाली. परंतु माजी विद्यार्थ्यांनी तो विषय सोडला नाही. ही वास्तू लोकांच्या देणगीतून उच्च शिक्षणासाठी उभी राहिली आहे, हे म्हणणे घेऊन ते न्यायालयात गेले, आणि १९३९ साली तेथे पदव्युत्तर संशोधन संस्था सुरू झाली. ती आजही चालू आहे. भावनेने डोळे भरून आले असते, पण हाती कागद नसता, तर त्या माजी विद्यार्थ्यांना काही साधले असते असे दिसत नाही.

खेडेगावच्या शाळेला असे माजी विद्यार्थी कोठून मिळणार, असे कोणी म्हणेल. तिला एक शिक्षक मिळाला तरी पुरे आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, आणि श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव या पट्ट्यात घरांची व शाळांची छपरे उडाली. कपाटे भिजली, दप्तरे भिजली. त्याआधी आणि त्यानंतर अनेक जुन्या खोल्यांचे निर्लेखन झाले आणि होत आहे. धोकादायक खोली पाडलीच पाहिजे, यात दुमत नाही, कारण मुलाच्या डोक्यावर पडू शकणाऱ्या आढ्याला इतिहास म्हणून जपणे हा अपराध आहे. परंतु निर्लेखनाच्या प्रस्तावात खोलीचे क्षेत्रफळ, बांधकामाचे वर्ष आणि साहित्याची किंमत येते. तेथे कोण बसत होते आणि कोण बसू शकत नव्हते, याला त्या तक्त्यात रकाना नाही. शिवाय २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनपातळीवर पुढे आला. एखाद्या वाडीची शाळा उद्या बंद करण्याचा प्रस्ताव आला, तर ती कोणाच्या श्रमाने उभी राहिली, जमीन कोणी व कोणत्या कामासाठी दिली, चिरे कोणी वाहिले, हे त्या वाडीला सांगता आले पाहिजे. दानपत्र नसेल, तर निदान हयात असलेल्या साक्षीदारांचे लेखी निवेदन हवे.

यासाठी करावयाचे काम मोठे नाही, पण ते काळजीने झाले पाहिजे. वृद्धांना 'शाळा कशी होती?' असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी 'फार चांगली होती' असेच मिळते. 'तुम्ही कोठल्या बाजूला बसत होता? शेजारी कोण असे? तहान लागली म्हणजे पाणी कोठे पीत होता?' असे विचारावे. पाण्याच्या प्रश्नाला जे उत्तर येते, त्यातून पुष्कळ उघड होते. एकाच आळीतील माणसांना विचारून थांबू नये. गावठाणात ऐकलेली शाळा, बौद्धवाडीत ऐकलेली शाळा आणि आदिवासी वाडीवर ऐकलेली शाळा या तीन निराळ्या शाळा वाटाव्यात, इतका फरक आढळण्याचा संभव आहे. तो फरक मिटविण्याचा प्रयत्न करू नये, आहे तसा लिहावा. मुलींच्या आठवणी तर बहुधा दुसऱ्याच गावी सापडतात, कारण येथे शिकलेली मुलगी लग्नानंतर तेथे राहते. तिला निरोप पाठवावा लागेल.

सनावळी कोणाच्या ध्यानात नसते. कोयनेचा भूकंप हा ११ डिसेंबर १९६७ चा आहे. त्या पहाटे शाळा जुन्या जागेत होती की नव्या, एवढे विचारले तरी काळ जवळपास निश्चित होतो. तसेच दाखल्यावरील शिक्का पाहावा. १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, म्हणून 'कुलाबा' असलेला शिक्का त्यापूर्वीचा समजावा. मात्र काटकसरी मुख्याध्यापक जुने छापील कागद संपेपर्यंत वापरीत, हेही विसरू नये. आठवण आणि दप्तर यांचा मेळ घातल्याशिवाय दोहोंवरही पूर्ण भिस्त ठेवू नये. जनरल रजिस्टर, शेरेबुक आणि जडसंग्रहाची नोंदवही ही तीन पुस्तके यासाठी पुरेशी आहेत. जडसंग्रहात पाटांची अथवा बाकांची खरेदी केव्हा झाली हे दिसते, आणि त्यावरून मुले जमिनीवरून वर केव्हा आली हे कळते. शेरेबुकात तपासणी अधिकाऱ्याने 'छप्पर गळते' असा शेरा किती वर्षे सलग मारला, हे वाचणेही उद्बोधक असते.

मुलांना या कामात अवश्य घ्यावे. चौथीच्या वर्गाला परिसर अभ्यासात गावाचा नकाशा काढावयाचा असतोच. त्या नकाशावर आजची शाळा दाखविल्यानंतर आजोबांची शाळा आणि पणजोबांची शाळा कोठे होती, ती ठिकाणेही मुलांनी विचारून आणावीत. घरी प्रश्न मुलाने केला म्हणजे उत्तर अधिक मोकळे मिळते, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. क्वचित काही घरी अशा प्रश्नाने जुनी सल जागी होते. आजोबांना वर्गाबाहेर बसविले जात असे, हे ज्या मुलाला प्रथमच कळते, त्याच्याकडून ते सर्वांसमोर वदवून घेऊ नये. शिक्षकाने त्या घरी स्वतः जाऊन ऐकावे आणि घरच्यांची संमती असेल तरच नाव लिहावे.

लिहिलेले टाचण साध्या वहीत, शाईने, सांगणाऱ्याचे वय आणि सांगितल्याची तारीख घालून ठेवावे. जुनी खोली पाडण्यापूर्वी तिची चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, उंबरठ्यापासून फळ्यापर्यंतचे अंतर मोजावे, आणि शक्य तर एक कौल व एक चिरा नव्या शाळेच्या कपाटात ठेवावा. वहीची एक प्रत केंद्रशाळेत द्यावी, कारण एकाच ठिकाणी असलेले दप्तर वादळात कसे जाते, हे २०२० साली पाहावयास मिळाले आहे. बदली झालेल्या शिक्षकाने कार्यभार सोपविताना यादीत या वहीचा स्वतंत्र क्रमांक घालावा आणि नव्या शिक्षकाची पोच घ्यावी.