सांतो दोमिंगोत एक दिवस: ओवांदोचं घर आणि पायथ्याची अनाकाओना

इयरफोन लावलेत ना? आज आपण कॅरिबियनमध्ये फिरणार आहोत. डोमिनिकन रिपब्लिकची राजधानी, सांतो दोमिंगो.

युरोपियनांनी अमेरिका खंडात वसवलेलं आणि आजपर्यंत सलग नांदतं राहिलेलं हे सगळ्यात जुनं शहर. कोलंबसच्या भावाने, बार्तोलोमेने, ते ओझामा नदीच्या पूर्व काठावर वसवलं. १५०२ मध्ये वादळाने त्याची वाट लावली, मग गव्हर्नर निकोलास दे ओवांदोने ते पश्चिम काठावर हलवलं. हे ओवांदो नाव लक्षात ठेवा. आज ते पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

जुना भाग, म्हणजे 'सोना कोलोनियल', १९९० पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. तो पायीच बघायचा. सकाळी लवकर निघा, दुपारचं ऊन आपल्या कोकणासारखंच चिकट असतं.

सुरुवात करा पार्के कोलोनपासून. मधोमध कोलंबसचा पुतळा आहे, हात लांब करून उभा. सगळे त्याच्याबरोबर सेल्फी काढतात. तुम्ही जरा खाली बघा. चौथऱ्यावर चढत, त्याचं नाव कोरणारी एक बाई दिसेल. ती अनाकाओना म्हणून ओळखली जाते, इथल्या मूळ ताइनो लोकांची सरदारीण. १५०३ च्या सुमारास ओवांदो तिच्या मुलखात पाहुणा म्हणून गेला. तिने त्याचा मानपान केला. त्याने तिच्या सरदारांना एका घरात जमवून जाळून मारलं आणि तिला नंतर फाशी दिली. आणि १८८७ च्या या पुतळ्यात ती कोलंबसचं गुणगान लिहितेय! मला तरी हे बघून गप्प बसवत नाही.

बाजूलाच अमेरिकेतलं पहिलं कॅथेड्रल आहे, १५४० च्या सुमारास पूर्ण झालेलं, प्रवाळाच्या पिवळट दगडाचं. १५८६ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकने शहर लुटलं तेव्हा त्याने इथेच मुक्काम ठोकला होता. आत जायला गुडघे झाकलेले हवेत, शॉर्ट्स नकोत.

तिथून काये लास दामास. 'बायकांचा रस्ता'. कोलंबसचा मुलगा दिएगो इथे कारभारी म्हणून आला, त्याच्या बायकोच्या सख्या या रस्त्यावरून फिरायच्या म्हणून हे नाव. इथलं ओवांदोचं घर आज महागडं हॉटेल आहे. रस्ता संपतो तिथे मोठं मैदान आणि दिएगोचा वाडा, आल्कासार दे कोलोन. मैदानात पुतळा कोणाचा? बरोबर, ओवांदोचा. वाड्यातलं जुनं सामान बघताना एवढं लक्षात असू द्या की दिएगोचा शहराबाहेर उसाचा मळा होता. १५२० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या आफ्रिकन गुलामांनी बंड केलं. अमेरिकेतल्या गुलामांच्या अगदी पहिल्या बंडांपैकी ते एक.

आता जेवण. साध्या खानावळीत 'ला बांदेरा' मागा, भात, लाल घेवड्याची उसळ आणि मटण किंवा चिकन. आपल्या जिभेला लगेच जमतं. आणि बाजारात भाजीवालीकडे 'बताता' मागून बघा. रताळं मिळेल! कारण मूळ ताइनो शब्दाचा अर्थ रताळंच. स्पॅनिशांनी तो शब्द उचलला, पोर्तुगिजांकडे गेला, त्यांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला आणि इथे आपण तो दुसऱ्याच कंदाला लावला. म्हणजे गाडीवर 'दोन बटाटेवडे द्या' म्हणता ना, तेव्हा अनाकाओनाच्या लोकांचा एक शब्द तुमच्या तोंडात असतो.

ऊन उतरलं की मालेकोनवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर या. तिथे एक प्रचंड पुतळा आहे. एक साधू, तोंडाशी हात धरून समुद्राकडे ओरडतोय. फ्राय आंतोनियो दे माँतेसिनोस. २१ डिसेंबर १५११, रविवार. गवत शाकारलेल्या चर्चमध्ये, खुद्द दिएगो समोर बसलेला असताना, याने स्पॅनिश जमीनदारांना विचारलं, की ही ताइनो माणसं नाहीत का, कोणत्या अधिकाराने तुम्ही त्यांना राबवून मारताय? सगळे भडकले. माफी मागायला लावा म्हणून मठात गेले. पुढच्या रविवारी तो आणखी कडक बोलला. प्रकरण राजापर्यंत पोचलं, १५१२ मध्ये बुर्गोसचे कायदे आले. कागदावर संरक्षण, मळ्यांवर वेठबिगारी तशीच. तोवर ताइनो हजारोंनी संपत चालले होते, रोगांनी आणि खाणींत.

हा पुतळा मेक्सिकोने १९८२ मध्ये भेट दिला. संध्याकाळी त्याच्या आसपास पोरंसोरं बसलेली असतात, लाटांचा आवाज चालू असतो. तिथे निवांत टेका, पाय दुखत असतील.

पुढच्या भागात आपण हवानाला जाऊ. तोवर, भेटूच.