खतासाठी मागितलेले पैसे
(कळमेश्वर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



हुंडाबळीच्या खटल्यात शिक्षा झाली की पेपरात बातमी येते, गावात चार दिवस चर्चा होते आणि प्रकरण संपलं असं आपण धरून चालतो. पण ते तिथं संपत नाही. शिक्षा झालेल्याला अपिलाचा हक्क आहे. कळमेश्वर ठाण्यात नोंदलेला असा गुन्हा चालतो नागपूरच्या सत्र न्यायालयात, आणि तिथल्या शिक्षेवरचं अपील जातं सिव्हिल लाइन्सला, उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे. तिथं साक्षीदार सहसा पुन्हा उभे राहत नाहीत. न्यायमूर्तींसमोर असतात कागद: फिर्याद, पंचनामे, शवविच्छेदनाचा अहवाल, व्हिसेऱ्याचा अहवाल, साक्षी आणि उलटतपासण्या. मुलीची माय पिंजऱ्यात रडली हे त्या कागदात नसतं. ती काय बोलली आणि ते कसं लिहिलं गेलं, तेवढंच उरतं. मला आज या कागदांबद्दल बोलायचं आहे, कारण त्यातल्या एका वाक्यानं निकाल फिरलेला आपल्या महाराष्ट्रानं पाहिला आहे.

आधी कायदा थोडक्यात. दंड संहितेत कलम ३०४-ब आलं ते १९ नोव्हेंबर १९८६ पासून. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचं कलम ८० झालं आहे. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेचा मृत्यू भाजून, शारीरिक इजेनं किंवा अन्य अनैसर्गिक रीतीनं झाला, आणि मृत्यूच्या अलीकडच्या काळात नवऱ्यानं किंवा त्याच्या नातलगांनी हुंड्याच्या मागणीसाठी तिचा छळ केला हे सिद्ध झालं, की तो हुंडाबळी. एवढं सरकार पक्षानं सिद्ध केलं की न्यायालयाला आरोपीविरुद्ध अनुमान काढावंच लागतं, आणि ते खोडून काढण्याचं ओझं आरोपीवर येतं. शिक्षा कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. म्हणजे सगळं येऊन टेकतं एका प्रश्नावर: जे मागितलं तो हुंडा होता का?

आता तो खटला. अप्पासाहेब विरुद्ध महाराष्ट्र राज्य. मराठवाड्यातली गोष्ट. लग्नाला जेमतेम अडीच वर्षं झालेली एक तरुण बाई १९९१ साली विषानं गेली. नवरा आणि सासू आरोपी. सत्र न्यायालयानं हुंडाबळीसाठी सात वर्षांची सक्तमजुरी दिली. औरंगाबाद खंडपीठानं अपील फेटाळलं. प्रकरण दिल्लीला गेलं आणि ५ जानेवारी २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हुंडाबळीची शिक्षा रद्द केली.

का रद्द केली? आई-वडिलांच्या साक्षीत छळाचं कारण आलं होतं ते घरखर्चासाठी आणि शेतात खत घेण्यासाठी पैसे आण, असं. न्यायालय म्हणालं, हा दंडाचा कायदा आहे, तो काटेकोरच वाचला पाहिजे. आर्थिक ओढाताणीपोटी, घरातल्या तातडीच्या खर्चापायी किंवा खतासाठी पैसे मागणं हे समाजात ज्याला हुंडा म्हणतात त्यात बसत नाही.

आपल्या तालुक्यात बसून हा निकाल वाचताना पोटात तुटतं. इथं संत्र्याच्या बागा आहेत, कपाशी आहे, सोयाबीन आहे. पेरणीच्या तोंडावर युरिया-डीएपीला पैसे नसणं काय असतं हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. पण नड असणाऱ्यानं सावकाराकडे जावं, सोसायटीत जावं, बँकेत जावं. सुनेनंच माहेरून आणावेत, नाही आणले तर तिला मारावं, उपाशी ठेवावं, हा अधिकार कुठून आला? तो त्या लग्नातूनच आला. लग्न झालं नसतं तर त्या घरानं तिच्या बापाकडे खताचे पैसे मागितले असते का? बैठकीत ठरलेली रक्कम तेवढा हुंडा, आणि साक्षगंधापासून पुढे वर्षानुवर्षं चालणारी मागणी मात्र घरगुती बाब, हा भेद मला कधीच पटला नाही. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात १९८४ आणि १९८६ साली दुरुस्त्या झाल्या त्याच मुळी यासाठी. लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर केव्हाही, लग्नाच्या संबंधात दिलेलं किंवा द्यायचं ठरलेलं ते सगळं हुंड्यात धरलं गेलं.

अप्पासाहेब निकालातली ही भूमिका आठ वर्षांनी बदलली. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी राजिंदर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या अपिलात तीन न्यायमूर्तींच्या पीठासाठी न्या. रोहिंटन नरिमन यांनी निकाल लिहिला. तिथंही शेतकरी बाप होता. जावयाकडून घर बांधायला पैशाची मागणी आली. बापाकडे रोख नव्हती, त्यानं म्हैस दिली. मागणी पुन्हा आली, तेव्हा पीक निघाल्यावर देतो म्हणाला. तोवर मुलगी विष घेऊन गेली होती. न्यायालयानं सांगितलं, विवाहितेच्या मृत्यूशी वाजवी संबंध असलेली पैशाची किंवा मालमत्तेची मागणी ही लग्नाच्या संबंधातलीच धरायची, वस्तुस्थिती अगदी स्पष्टपणे उलट दाखवत असेल तरच नाही. अप्पासाहेब खटल्यातली मांडणी कायद्याला धरून नाही, हेही तिथं नमूद झालं. ‘अलीकडच्या काळात’ म्हणजे मरणाच्या ऐन आदल्या क्षणी नव्हे, हेही स्पष्ट झालं. छळ आणि मृत्यू यांच्यातला धागा जिवंत असला पाहिजे. पुढे ११ जानेवारी २०२२ ला जोगेंद्र खटल्यात, घरबांधणीचे पैसे हा हुंडा नव्हे म्हणून मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं रद्द केलेली हुंडाबळीची दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा कायम केली. त्या खटल्यातली मृत मुलगी पाच महिन्यांची गरोदर होती.

अपिलाचा हक्क मात्र मी मनापासून मानतो. सासरचा झाडून सगळा गोतावळा फिर्यादीत घालायचा, परगावी दिलेल्या नणंदेलाही ओढायचं, हे घडतं. नुसत्या मोघम आरोपांवर नवऱ्याच्या नातलगांना गोवू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं वारंवार बजावलं आहे. निरपराध माणूस आत जाऊ नये म्हणूनच वरचं न्यायालय असतं. आणि सगळ्यांची नावं घातली की खऱ्या गुन्हेगाराविरुद्धचा पुरावाही पातळ होतो, हे माहेरच्यांनी ओळखलं पाहिजे.

आता पुन्हा त्या कागदांकडे. ठाण्यात काय होतं ते पाहा. बाप दुःखानं बधिर झालेला असतो. लिहून घेणारा विचारतो, त्रास कशापायी? बाप म्हणतो, पैशापायी, घरच्याच कारणावरून. तसंच लिहिलं जातं. किती पैसे, कधी, कुणी मागितले, किती दिले, कुणासमोर, काही नाही. दोन-तीन वर्षांनी तोच बाप न्यायालयात सगळं सांगतो, तेव्हा बचावाचे वकील विचारतात, हे पोलिसांना का नाही सांगितलं? ते वाक्य ‘सुधारणा’, म्हणजे मागाहून घातलेली भर, ठरतं. अपिलात हीच पानं उघडली जातात. पैसे दिल्याचं सांगायलाही बाप कचरतो, कारण हुंडा देणं हाही गुन्हा आहे. पण हुंडा प्रतिबंधक कायद्याच्याच कलम ७(३) नं पीडित व्यक्तीच्या जबाबाला संरक्षण दिलेलं आहे.

म्हणून हात जोडून सांगतो. लेक माहेरी येऊन पैशाची गोष्ट काढेल तेव्हा ‘थोडं सहन कर बाई’ म्हणू नका. रक्कम, तारीख, कुणी मागितली, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. पैसे दिलेच असतील तर पावती, बँकेची नोंद, मोबाइलवरचे संदेश जपा. ती जिवंत असतानाच तक्रार करा. तालुक्याला संरक्षण अधिकारी आहेत, १८१ वर फोन लागतो. आणि तिला परत पाठवायची घाई करू नका. अपिलात टिकणारी फिर्याद लिहिण्याची वेळच कुठल्या बापावर येऊ नये, यासाठी लेकीला घरात ठेवून घ्या.