आधी माइक बघा, मग गळा

आम्ही पालमच्या एका बचत गटातल्या बाया. आज आम्ही तुमच्याशी घरच्या टीव्हीवर खेळायच्या गाण्याच्या खेळाबद्दल आणि त्याला लागणाऱ्या माइकबद्दल बोलणार आहोत. बचत गटाला खेळ कशाला, असं कुणाला वाटेल. पण या खेळापायी आमच्यातल्या दोघी-तिघी गाणंच सोडायच्या बेतात आल्या होत्या. त्यांच्या गळ्यात काही खोट नव्हती. खोट होती माइकमध्ये. ती कशी ओळखायची, ते आज सांगतो.

आधी खेळ समजून घेऊ. टीव्हीवर गाण्याचे शब्द येतात. शब्दांच्या वर छोट्या पट्ट्या दिसतात. सूर चढला की पट्टी वर, उतरला की खाली. आपण माइकमध्ये गायचं. आपला सूर पट्टीवर बसला की पट्टी रंगते आणि गुण मिळतात. नुसत्या संगीतावर गाण्याचं यंत्र जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए यांनी १९७१ साली तयार केलं. त्यालाच आपण कराओके म्हणतो. गुण देणारे खेळ नंतर आले. सोनी कंपनीचा 'सिंगस्टार' २००४ साली निघाला आणि २००७ साली त्याची हिंदी सिनेमाच्या गाण्यांची आवृत्तीही आली. त्या खेळासोबत दोन माइक यायचे, एक लाल खुणेचा, एक निळ्या.

आमच्याकडे तसलं यंत्र नाही. गटाच्या हिशेबासाठी एक जुना लॅपटॉप आहे. गटातल्या एकीचा भाचा दिवाळीला पुण्याहून आला होता. त्याने त्यावर 'अल्ट्रास्टार डिलक्स' नावाचा खेळ टाकून दिला. हा खेळ मोफत आहे. लॅपटॉप वायरने टीव्हीला जोडला की काम झालं. पण मोफत खेळासोबत माइक येत नाही. मग आम्ही ठरवलं, नवीन काही आणायचं नाही, गावात आहेत तेच माइक एकेक करून लावून बघायचे.

पहिला माइक लॅपटॉपच्या अंगातलाच. तो दूरचंही ऐकतो, आणि तीच त्याची अडचण. पंखा, बाहेरची पिठाची गिरणी, लेकरांचा कालवा, सगळं त्यात शिरतं. वर टीव्हीतून येणारं मूळ गाणंही तो ऐकतो. म्हणजे गायिका टीव्हीतली आणि गुण आपल्याला! याची एक सोपी परीक्षा आहे. गाणं सुरू करा आणि तोंड मिटून गप्प बसा. तरी गुण मिळाले, तर समजा माइक टीव्हीचं ऐकतोय. टीव्हीचा आवाज कमी करा आणि हातात धरायचा माइक लावा. खेळात 'थ्रेशोल्ड' नावाची एक सोय आहे. म्हणजे उंबरठा. त्याहून बारीक आवाज खेळ आत घेत नाही. गिरणीची घरघर बाहेर राहील एवढाच उंबरठा वाढवा. फार वाढवला तर हळू आवाजाची बाईही बाहेरच राहते.

दुसरा माइक भजनी मंडळाचा. जाळीचं गोल डोकं, लांब वायर आणि जाड पिन. त्याला डायनॅमिक माइक म्हणतात. आत एक पातळ पडदा असतो, पडद्याला तारेचं वेटोळं आणि शेजारी लोहचुंबक. आवाजाने पडदा हलतो, तार हलते आणि तिच्यात थोडी वीज तयार होते. त्याला बाहेरून वीज द्यावी लागत नाही. जवळचा आवाज तो नीट घेतो, दूरचा फारसा घेत नाही. म्हणून खेळाला तो चांगला. जाड पिन लॅपटॉपमध्ये बसत नाही. ती ६.३५ मिलिमीटरची असते आणि लॅपटॉपचं भोक ३.५ मिलिमीटरचं. मध्ये लावायचा कन्व्हर्टर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. तरी आवाज बारीक वाटला तर खेळात 'माइक बूस्ट' आहे, तो थोडा वाढवा. माइक तोंडापासून दोन-चार बोटांवर धरा.

तिसरा कॉलर माइक, मोबाइलवर व्हिडिओ करणाऱ्या पोरी पदराला लावतात तो. त्याला थोडी वीज लागते आणि ती मोबाइल किंवा लॅपटॉपच्या भोकातूनच मिळते. त्याची पिन नीट बघा. पिनेवर तीन काळ्या रेघा असतील तर ती मोबाइलची. दोन असतील तर ती लॅपटॉपच्या वेगळ्या, गुलाबी भोकाची. पिन आत बसली म्हणजे आवाज येईलच असं नाही. रेघा जुळत नसतील तर मोबाइलची पिन माइक आणि कान अशा दोन वाटांना वाटून देणारी वायर घ्या.

चौथा यूएसबी माइक. यात डोक्याला ताप कमी. लॅपटॉपला जोडला की बहुधा लगेच ओळखला जातो. लॅपटॉपला माइकचं भोकच नसेल किंवा ते बिघडलं असेल, तर बोटाएवढं यूएसबी साउंड कार्ड मिळतं. ते लावलं की त्याच्या माइकच्या भोकात मंडळाचा माइकही कन्व्हर्टर लावून जोडता येतो. दोघींना एकदम गायचं असेल तर दोन माइक लावा आणि कोणता माइक कोणाचा, ते खेळात आधी ठरवा. नाहीतर एकीने गायलं आणि दुसरीचे गुण वाढले, यावरून आमच्याकडे चांगलंच वाजलं होतं.

पाचवा जत्रेत, बाजारात मिळणारा ब्लूटूथ माइक. त्याच्या पोटातच स्पीकर असतो. दिसायला झकपक, लेकरांचा लाडका. आमचा घोळ याच माइकने केला.

आमच्या गटात एक मावशी आहेत. पहाटे जात्यावर बसलेली त्यांची पिढी. गाऊ लागल्या की अख्खी आळी ऐकते. खेळात त्यांचे गुण हजाराच्या वर जाईनात. पूर्ण गुण असतात १० हजार. चार दिवस झाल्यावर त्या म्हणाल्या, "माझा गळा गेला गं आता. तुम्हीच गा." आणि त्या भजनालाही येईनात. मग एकीच्या ध्यानात आलं, मावशींची रेघ पट्टीच्या मागून धावतेय. सूर बरोबर, पण उशिरा. ब्लूटूथमधून आवाज पोचायला वेळ लागतो. तो वेळ डोळ्याची पापणी लवण्याएवढा का असेना, खेळाच्या हिशेबी पट्टी निघून गेलेली असते. शिवाय त्या माइकमध्ये घुमण्याचा परिणाम चालू होता. मागचा सूर पुढच्या सुरावर चढला की खेळ गोंधळतो.

आम्ही मंडळाचा वायरचा माइक लावला आणि मावशींना बोलावून आणलं. तोच अभंग, तोच गळा. गुण सहा हजारांच्या वर गेले. मावशी गुणांवर बोलल्याच नाहीत. "पुन्हा लाव," एवढंच म्हणाल्या.

वायरचा माइक मिळालाच नाही, तर ब्लूटूथचं घुमणं बंद करा. खेळात माइकचा उशीर भरून काढायची सोय आहे, तिथे आकडा थोडा थोडा बदलून बघा. रेघ पट्टीवर येईपर्यंत बदलत राहा.

आता मुद्द्याचं. हा खेळ काय मोजतो आणि काय मोजत नाही, ते समजून घ्या. तो मोजतो सूर आणि वेळ. शब्द तो ऐकत नाही. गाण्याऐवजी नुसतं 'आ आ' केलं तरी गुण मिळतात. आवाज जाड की बारीक, यानेही फरक पडत नाही. खालच्या सप्तकात गायलं तरी चालतं. गोडवा, दम, माया, यातलं काहीच तो मोजत नाही. म्हणून कमी गुण आले तर आधी माइक तपासा. माइक बरोबर निघाला तरी गळ्याला नावं ठेवायचं कारण नाही. कुणी शाळेत, कुणी सासरी एकदा ऐकलेलं असतं की तुझा गळा बेसूर, आणि ती बाई जन्मभर गात नाही. आता त्याच कामाला यंत्राची भर नको.

ओवीचं तर गणितच वेगळं. ओवीत बाई कुठे थांबेल, कुठे लांबवेल, ते तिच्या श्वासावर आणि जात्याच्या फेऱ्यावर असतं. ती पट्ट्यांत बसणार कशी? पण या खेळातली गाणी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेली असतात. कोणता अक्षर-तुकडा कधी, किती वेळ, कोणत्या सुरात, एवढंच त्यात असतं. ती फाइल आपल्याला तयार करता येते. मावशींच्या अभंगाची त्या भाच्यानेच करून दिली. तुकड्यापुढे 'एफ' हे इंग्रजी अक्षर लिहिलं तर शब्द दिसतात, पण गुण मोजले जात नाहीत. ओव्या आम्ही तशाच लिहून घेतोय. मोजमाप नको, नुसतं गा.

आपल्या भागाला हे परकं नाही. पालमच्या शेजारचं गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. जातं आणि जनाबाई यांची जोडी आपल्या आया-आज्यांनी तोंडी जपली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी त्यांच्या सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या बऱ्याच बायांच्या आवाजात ध्वनिमुद्रितही झाल्या. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या त्यात आहेत. कुणीतरी त्या बायांसमोर माइक धरला, म्हणून आज आपण त्या ऐकू शकतो.

दोन गोष्टी सांभाळा. मंडपवाल्याच्या अॅम्प्लिफायरची स्पीकरला जाणारी वायर लॅपटॉपला कधीच जोडू नका, लॅपटॉप जळेल. ओल्या हाताने माइक, बोर्ड, काही धरू नका. आणि माइक चालू आहे का बघायला त्यावर थापा मारू नका, फुंकू नका. आपलं नाव घ्या. माइकचं डोकं मुठीत झाकू नका आणि तो स्पीकरसमोर नेऊ नका, नाहीतर कानठळ्या बसवणारी शिट्टी येते.

माइकवर आपलं नाव घेणं, हेही सवयीनेच जमतं बरं का. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते. तिथे माइक पुढे आला की आपण पदर सावरून मागे सरकतो. गाण्याच्या खेळात रोज माइक हातात आला आणि आमच्यातल्या बऱ्याच जणींची ती भीती गेली. परवा पाण्याच्या टाकीचा प्रश्न मावशींनी मांडला, माइक दोन बोटांवर धरून. शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत गावातले सगळे माइक गोळा करा. पिना बघा, रेघा मोजा, गप्प बसायची परीक्षा घ्या. कोणता कशाला चालतो ते चिठ्ठीवर लिहून त्याच्या वायरला बांधून ठेवा. आणि जिने गाणं सोडलंय तिला पहिल्यांदा बोलवा. रामराम.