खेळाडूंची दुखरी टाच
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. वैद्यकावर बोलण्याचा अधिकार माझा नाही. परंतु माझी मुलगी खो-खो खेळते; तिच्या टाचेच्या जुन्या दुखण्यापायी जे पाहिले, ऐकले, ते सांगावे असे चिटणीसबाईंनी सुचविले, म्हणून उभी आहे.

पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाशी एका जाड दोरीने बांधलेला असतो. तिला कंडरा म्हणतात. धावण्या-वळण्याचा ताण झीज भरून येण्यापेक्षा अधिक झाला की तिचे तंतू विस्कटतात. मग सकाळी पहिली पावले टाकताना पाय आखडतो. कोपराच्या कंडरेलाही असेच होते. सचिन तेंडुलकरांना त्यासाठी २००५ साली शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

शेजारणींनी प्रेमापोटी दोन सल्ले दिले : ‘गरम तेलाने जोरात चोळा’ आणि ‘पोरीचा खेळ बंद करा’. फिजिओथेरपीच्या बाईंनी दोन्ही मानले नाहीत. त्यांनी आधी पोटरी तळहाताने सावकाश दाबून सैल केली. मग बोटाने कंडरेवर आडवे घर्षण केले. त्याला तेल चालत नाही. बोट आणि कातडी एकत्रच हलावी लागतात. ही रीत इंग्लंडच्या डॉ. जेम्स सिरिअ‍ॅक्स यांनी रूढ केली.

बाईंनी स्पष्ट सांगितले, “हाताने दुखणे काही वेळ हलके होते, कंडरा बळकट होते ती व्यायामाने. नुसत्या घर्षणाने ती बरी होते, याला भक्कम पुरावा नाही.”

तो व्यायाम स्वीडनच्या डॉ. आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली मांडला. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच हळूहळू खाली सोडायची. १५ वेळा, अशा ३ खेपा. गुडघा सरळ ठेवून आणि पुन्हा वाकवून. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. खर्च नाही, पण चिकाटी हवी. मुलीचा सराव कमी केला, बंद केला नाही. चौथ्या महिन्यात ती पुन्हा मैदानावर धावली.

मात्र एकाएकी फटकन आवाज होऊन चवड्यावर उभे राहता येईना, तर चोळत बसू नये; त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

मैत्रिणींनो, मुलाची टाच दुखली तर आपण औषध शोधतो आणि मुलीची दुखली तर खेळ थांबवतो. एवढे आपण बदलू या.