रेषेतला ‘मी’ : बिल पीट यांची स्टुडिओचित्रे



आत्मचरित्र म्हटले की आपल्यासमोर गद्य उभे राहते. वर्गात आपण निवेदकाचा सूर, आठवणींची निवड, स्वसमर्थन यांविषयी बोलतो आणि पुस्तकात चित्रे असलीच तर ती सजावट समजून पुढे जातो. आज ज्या पुस्तकाविषयी मी बोलणार आहे, तिथे ही सवय उपयोगाची नाही. अमेरिकन कथाचित्रकार बिल पीट (1915–2002) यांचे आत्मचरित्र 1989 साली प्रसिद्ध झाले. त्याच्या पानापानावर त्यांनी स्वतः काढलेली चित्रे आहेत आणि त्यांतली बरीच डिस्ने स्टुडिओतल्या दिवसांची आहेत.

पीट 1937 साली त्या स्टुडिओत दाखल झाले ते ‘मधली चित्रे’ काढण्यासाठी. कार्टूनपटात मुख्य चित्रकार हालचालीच्या महत्त्वाच्या अवस्था रेखाटतो. त्यांच्यामधल्या अवस्था कनिष्ठ चित्रकार भरतो. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले, तरी एका पात्राच्या एका मिनिटाच्या हालचालीला 720 चित्रे लागतात. त्या प्रत्येक चित्रात डोनाल्ड डक सारखाच दिसला पाहिजे. म्हणजे चित्रकाराने आपली रेषा बाजूला ठेवायची आणि दुसऱ्याची रेषा गिरवायची. या कामाला कंटाळून पीट एके दिवशी ‘आता बदके पुरे’ अशा अर्थाचे ओरडत बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी विसरलेला कोट न्यायला आले, तेव्हा कळले की ‘पिनोकिओ’साठी त्यांनी दिलेली रेखाटने पसंत पडली असून त्यांना कथाविभागात घेतले आहे.

रेषा दुसऱ्याची आणि नावही दुसऱ्याचे, अशी ती व्यवस्था होती. त्या काळातल्या डिस्नेच्या लघुपटांवर वॉल्ट डिस्ने हे नाव झळके. चित्रे काढणाऱ्यांची नावे नसत. मे 1941 मध्ये स्टुडिओत संप झाला, तेव्हा पगार आणि संघटनेचा हक्क यांबरोबर श्रेयनामावली हाही असंतोषाचा विषय होता. संपकऱ्यांच्या हातातल्या फलकांवर प्लूटोसारखी स्टुडिओचीच पात्रे होती. मालकाच्या पात्राकडून कामगाराने आपले म्हणणे वदवून घेतले होते. त्याच वर्षी आलेल्या ‘डंबो’मध्ये विदूषक पगारवाढ मागायला मालकाकडे निघतात. तो प्रसंग संपकऱ्यांची टर उडवणारा आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. एकाच स्टुडिओतली रेषा दोन्ही बाजूंनी बोलत होती.

या पार्श्वभूमीवर पीट यांची चित्रे पाहावीत. शब्दांत लिहिणारा ‘मी’ डोळ्यांच्या आतून जग पाहतो. तो स्वतः कसा दिसत होता, हे सांगण्याची त्याच्यावर सक्ती नसते. चित्र काढणाऱ्याला ही पळवाट नाही. स्वतःला दाखवायचे, तर इतरांच्या शेजारी एक शरीर म्हणून काढावे लागते. त्या शरीराची उंची, खांद्यांचा वाक, मालकापासूनचे अंतर ठरवावे लागते. मजकुरात ‘मी’ आणि चित्रात ‘तो’, अशी दोन निवेदने एकाच पानावर चालतात. ज्याने तरुणपणी दुसऱ्याची रेषा गिरवली, तो इथे त्या दालनांची चित्रे स्वतःच्या रेषेत काढतो आणि त्यांत वॉल्ट हेही एक पात्र होतात.

हे त्यांनी नोकरीत असतानाही चोरून केले होते. 1963 सालच्या ‘द स्वोर्ड इन द स्टोन’मधला हट्टी, तापट, पण बुद्धिमान जादूगार मर्लिन रेखाटताना पीट यांनी वॉल्ट यांचा स्वभाव आणि नाक उसने घेतले. पुढच्याच वर्षी, ‘द जंगल बुक’चे काम चालू असताना, दोघांचे बिनसले आणि पीट यांनी स्टुडिओ सोडला.

अर्थात ही एका माणसाची साक्ष आहे, आणि तीही कथाविभागातल्या खोलीतून दिलेली. पारदर्शक पत्र्यांवर ती चित्रे शाईने उतरवणाऱ्या आणि रंगवणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया होत्या. स्टुडिओचा इतिहास लिहायचा, तर त्यांच्या बाजूनेही पाहावे लागेल. रेषा गद्याइतकीच पक्षपाती असते. म्हणूनच ती गद्याइतक्याच काळजीने वाचायला हवी.

मराठीत आपल्याजवळ अशा वाचनाला सामग्री आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी जन्मलेले शि. द. फडणीस यांनी शब्दाविना बोलणारी हास्यचित्रे आयुष्यभर काढली आणि ‘रेषाटन’ हे आत्मकथनही लिहिले. त्यांची रेषा पहिल्यापासून त्यांच्या सहीची होती. पीट यांना ती उशिरा मिळाली. हा फरक कलावंतांच्या गुणवत्तेचा नाही, कामाच्या रचनेचा आहे. एक जण एकट्याने मासिकांसाठी काढत होता, दुसरा शेकडो माणसांच्या कारखान्यात.

शिक्षकमित्रांना माझी एक विनंती आहे. आत्मचरित्र शिकवताना असे एखादे सचित्र पान वर्गात न्या. मजकूर झाकून आधी चित्र वाचायला सांगा, मग चित्र झाकून मजकूर. दोन्हींत सांगणारा माणूस एकच वाटतो का, मजकुराने गाळलेले चित्रात कुठे आले आहे, हे मुलांना शोधू द्या. आणि विद्यार्थ्यांनो, कार्टूनपट पाहाल तेव्हा शेवटची नामावली संपेपर्यंत थांबा. ती मिळवण्यासाठी माणसांना रस्त्यावर यावे लागले होते.