लहानगे कुत्रे आणि घरची बाई

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर बालसंगोपन, काटकसर, वाळवणे अशा विषयांवर पुष्कळ बोलणे झाले. आज चिटणीसबाईंनी मला कुत्र्यावर बोलायला सांगितले आहे. काही जणी तोंडाला पदर लावून हसताहेत, हे मला इथून दिसते. हसा खुशाल! पण ज्या घरात मुले पिल्लासाठी रुसून बसली आहेत, तिथल्या आयांनी थोडा वेळ कान इकडे द्यावा. मुलांच्या हट्टाने आलेल्या पाहुण्याची उस्तवार शेवटी कोणाकडे येते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

आमच्या घरी नऊ वर्षांपासून ‘चिमी’ आहे. आई पांढरी, केसाळ. बाप गल्लीतला तांबडा. अशा पांढऱ्या, झुबकेदार शेपटीच्या कुत्र्याला आपण सरसकट ‘पॉमेरियन’ म्हणतो, पण आपल्याकडे ते बहुधा इंडियन स्पिट्झ असते. १९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’ मधला टफी आठवा, म्हणजे रूप डोळ्यांपुढे येईल. चिमीने केस आईचे घेतले, पाय बापाचे. तिची भावंडे मात्र अगदी निराळी निघाली. मिश्र जातीचे पिल्लू मोठेपणी कसे दिसेल, केवढे होईल, हे कोणी छातीठोकपणे सांगू नये. तेव्हा रूप पाहून नव्हे, स्वभाव पाहून घ्यावे.

‘मिश्र रक्ताचे कुत्रे आजारी पडत नाही’ ही समजूत अर्धीच खरी आहे. एकाच जातीत पुनःपुन्हा जुळवणी केल्याने येणारे काही दोष त्याच्यात कमी असतात, इतकेच. लहान चणीच्या कुत्र्यांचे दात लवकर किटतात, गुडघ्याची वाटी सरकते, श्वासनलिका नाजूक असते. म्हणून फिरवताना गळ्याऐवजी छातीला पट्टा बांधावा. देह लहान म्हणून आवाज लहान असतो असेही नाही! दारावरची बेल, भाजीवाला, मांजर, सर्वांची वर्दी मिळते. सकाळ-संध्याकाळ फिरवून आणले आणि घरात माणूस असले, तर हे भुंकणे आटोक्यात राहते. दिवसभर कुलूपबंद घरात ते झुरते, आणि शेजारी कंटाळतात.

आता आहाराविषयी. नुसत्या दूध-भाकरीवर कुत्रे नीट पोसले जात नाही. कित्येक मोठ्या कुत्र्यांना दूध पचतही नाही. अंडे, मांस किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने तयार खाद्य द्यावे. आपल्या घरची शेंगाचटणी देऊ नये, कारण लसूण आणि कांदा त्याच्या रक्ताला अपाय करतात. द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट ही त्याला विषासमान. आणि सहा किलोच्या जिवाला प्रेमाने भरवलेली एक पुरणपोळी म्हणजे आपल्याला कितीतरी पोळ्या, हा हिशेब ध्यानात असू द्या.

सोलापूरचा उन्हाळा तर आपणच सोसवेना म्हणतो. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकून ते अंग थंड करते. एप्रिल-मे मध्ये त्याला पत्र्याखाली बांधू नये. सकाळी सातच्या आत फिरवावे, आणि निघताना आपला तळहात रस्त्यावर टेकवून पाहावा. आपल्याला चटका बसला तर त्यालाही बसणार. केसांचे दोन थर असतात. ते उन्हापासूनही राखण करतात, म्हणून मुळापासून भादरू नयेत. रोज विंचरावे, गोचीड पाहावी. स्नान तीन-चार आठवड्यांनी पुरे. पाणी जपून वापरणाऱ्या आपल्या घरांना ते सोयीचेच. दिवाळीत आणि गड्ड्याच्या यात्रेतल्या दारूकामाच्या रात्री त्याला आतल्या खोलीत ठेवावे. जुनी सोलापुरी चादर अंथरून दिली की ते तिच्यात तोंड खुपसून पडून राहते.

भगिनींनो, यापुढचे विशेष लक्ष देऊन ऐकावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर हा रोग टळतो. आपल्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात पहिली लस आणि पुढे दरवर्षी द्यावी. मुलाला कोणतेही कुत्रे चावले किंवा ओरखडले, मग ते इवलेसे पिल्लू का असेना, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा. चुना, हळद, मिरचीपूड भरू नये. पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या भीतीने मुले घरी सांगत नसत. ती जुनी लस आपल्या देशात २००४ अखेर बंद झाली. आता चार-पाच सुया दंडातच घेतात, आणि सरकारी दवाखान्यात त्या मोफत असतात. हे मुलांना आजच सांगून ठेवा. कुत्रा चावल्याचे लपवणारे मूल आपण रागावू म्हणून लपवते.

असे लहान कुत्रे बारा-पंधरा वर्षे जगते. आज पाचवीतला मुलगा तोवर नोकरीसाठी पुण्याला गेलेला असेल. मग ‘आता कोण बघणार?’ म्हणून एखादे रात्री त्याला लांबच्या रस्त्यावर सोडतात. आमच्या गल्लीत असे एक पांढरे कुत्रे सोडलेले होते. घरात वाढलेल्या त्या जिवाला ना उकिरड्यावर पोट भरता आले, ना इतर कुत्र्यांपुढे टिकता आले. आठवडाभरात ते गेले. असे सोडणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला, तरी अक्कलकोट-गाणगापूरला दत्तगुरूंच्या पायाशी बसलेल्या श्वानांना हात जोडणाऱ्या आपण हे कसे करावे? शिवाय लस चुकलेली, पिल्ले वाढलेली बेवारस कुत्री शेवटी आपल्याच मुलांच्या वाटेवर उभी राहतात. म्हणून निर्बीजीकरण वेळेवर करून घ्यावे.

तेव्हा माझे सांगणे एवढेच. पिल्लू आणण्याआधी घरातल्या सर्वांना एकत्र बसवा आणि विचारा: सकाळचा फेरा कोणाचा? लसीची तारीख कोण लक्षात ठेवणार? खर्च कोणाच्या पगारातून? आपण गावी गेलो तर ते कोणाकडे राहणार? प्रत्येक उत्तर ‘आई’ असेच आले, तर आईने नि:संकोच ‘नाही’ म्हणावे. त्यात निष्ठुरपणा नाही. आणि कामे खरोखर वाटली गेली, तर खुशाल आणावे. मग दुपारी सगळे बाहेर गेल्यावर पायाशी येऊन बसणारा तो जीव आपल्याला ओझे वाटत नाही, सोबत वाटते.