दप्तरातला साक्षीदार

(शहादा येथील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पोलीस ठाण्यातील व न्यायालयातील कागदपत्रे कशी मिळवावीत, असा रुक्ष विषय संयोजकांनी माझ्या वाट्याला दिला आहे. आपल्याला मोर्च्याची सवय आहे, नकलेच्या अर्जाची नाही. कागद हे वकिलाचे काम, असे आपण समजत आलो. या समजुतीची किंमत कोण मोजतो, ते एका हकिगतीवरून सांगतो.

अक्राणी तालुक्यातील एक वृद्ध शेतकरी माझ्याकडे आले होते. वनहक्काचा त्यांचा दावा जिल्हास्तरीय समितीने पुराव्याअभावी फेटाळलेला होता. “भाऊ, माझ्याकडे कागद कुठला? शिधापत्रिकासुद्धा नंतरची,” असे ते म्हणाले. उठता उठता सहज त्यांनी सांगितले की, तरुणपणी जंगलात नांगर धरला म्हणून गार्डाने त्यांना पकडून नेले होते, कोर्टात उभे केले होते आणि दंड भरून ते सुटले होते. हे त्यांनी खाली मान घालून सांगितले. मी म्हटले, “बाबा, तुमचा कागद हाच!” त्यांचा विश्वास बसेना. आपल्यावरचा गुन्हा आपल्या कामाला कसा येईल?

तो येतो. 2006 च्या वनहक्क कायद्यान्वये 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. त्याखालील नियमांपैकी तेराव्या नियमात पुराव्यांची जी यादी आहे, तीत न्यायालयीन व अर्धन्यायिक अभिलेख, म्हणजे न्यायालयांचे आदेश व निकाल, स्पष्टपणे नमूद आहेत. वनगुन्ह्याच्या खटल्यात नाव असते, गाव असते, जंगलाचा कक्ष क्रमांक असतो, तारीख असते. आणि आरोप कोणता, तर या माणसाने ही जमीन कसली! सरकारने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शिक्क्यानिशी दिलेला ताब्याचा दाखला याहून निराळा तो काय असणार? ज्या कागदाने काल आदिवासीला गुन्हेगार ठरवले, तोच आज त्याच्या बाजूने साक्ष देऊ शकतो. पुन्हा खटला होईल ही भीतीही मनातून काढून टाका. एका अपराधाबद्दल दोनदा शिक्षा देता येत नाही, असे संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदात लिहिलेले आहे.

प्रश्न आहे तो कागद शोधण्याचा. येथे आपल्या जिल्ह्याची एक अडचण ध्यानात घ्यावी लागते. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीचा सारा कारभार धुळे जिल्ह्याचा, आणि त्याही आधीचा पश्चिम खानदेशाचा. त्यामुळे जुना कागद तालुक्याला मिळाला नाही, तर तो नाहीच असे समजून परत फिरू नका. धुळ्याच्या अभिलेख कक्षापर्यंत माग काढा. न्यायालयाचे दप्तर वर्गवारीने ठेवले जाते. काही कागद दीर्घकाळ जपतात, तर साक्षीपुराव्याची संचिका मुदत संपल्यावर नष्ट करतात. संचिका नष्ट झाली, तरी खटल्यांची नोंदवही शिल्लक असू शकते. म्हणून अर्जात केवळ ‘खटल्याची कागदपत्रे’ असे मोघम लिहू नये. निकालपत्र, ते नसल्यास नोंदवहीतील उतारा, असे दोन्ही मागावे. खटल्याचा क्रमांक ठाऊक नसेल, तर आरोपीचे नाव, गाव, अंदाजे वर्ष व कायद्याचे कलम देऊन आधी शोध घेण्याचा अर्ज करावा.

प्रमाणित नक्कल मागण्याचा हक्क कोणाला? खटल्यातील पक्षकाराला आणि निकालाचा ज्याच्यावर परिणाम होतो त्याला. कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत विनामूल्य मिळते. इतरांना फी भरावी लागते. त्रयस्थालाही नक्कल मिळू शकते, पण कारण सांगून व न्यायालयाची परवानगी घेऊन. म्हणून अर्ज कार्यकर्त्याच्या नावाने न करता त्या शेतकऱ्याच्या, तो हयात नसल्यास वारसाच्या नावाने करावा. आपल्या नावाचा मोह येथे आवरलेला बरा.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज न्यायालयात टाकून वाट पाहत बसलेले कार्यकर्ते मी पाहिले आहेत. मीही एकदा ती चूक केली आहे. न्यायालयाच्या नियमांत नकला देण्याची सोय असेल, तर त्याच वाटेने जावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात मार्च 2020 मध्ये दिला आहे. मात्र वनखाते व पोलीस खाते यांच्याकडे हा अधिकार पुरेपूर वापरता येतो. वनगुन्ह्यांची सगळीच प्रकरणे कोर्टात जात नसत. बरीच दंड घेऊन जागीच मिटवली जात, आणि त्यांची पावती व प्रथम गुन्हा रिपोर्ट खात्याच्या दप्तरात राही. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून तो मागावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय व दीडशे शब्दांची मर्यादा आहे, हे विसरू नये. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पहिले अपील करावे.

याच कायद्यातील एक कलम आपल्यापैकी फारच थोड्यांनी वाचलेले असते. आठव्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे वीस वर्षांपूर्वी घडलेल्या घटनेची माहिती द्यावीच लागते. अपवाद फक्त तीन: राष्ट्राची सुरक्षितता व तत्सम हित, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रे. तपासात बाधा येईल, व्यक्तिगत माहिती आहे, ही नेहमीची कारणे तेथे चालत नाहीत. 1985 सालच्या दंडाच्या पावतीत राष्ट्राची कोणती सुरक्षितता दडलेली आहे, ते अधिकाऱ्याने सांगावे!

आता पोलीस ठाण्याकडे वळतो. शहादा-तळोद्याच्या भूमीला हा विषय नवा नाही. 1971 मध्ये पाटीलवाडीला धान्याच्या प्रश्नावरून आदिवासींवर जमीनदारांच्या बाजूने गोळीबार झाला. अंबरसिंग सुरतवंती आणि 1972 ची श्रमिक संघटना त्या काळातून पुढे आली. पीक संरक्षणाच्या नावाखाली पोसलेल्या राखणदारांचा मार खाल्लेला मजूर ठाण्याची पायरी चढायला घाबरत असे. ती भीती पुरती गेली आहे, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

फिर्याद देणाऱ्याला प्रथम खबरी अहवालाची प्रत विनामूल्य देणे बंधनकारक आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 व्या कलमात ती तरतूद आहे, आणि जुन्या संहितेतही ती होतीच. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील नियमांतही ती आहे. गुन्हा दखलपात्र असूनही ठाणे अंमलदार अदखलपात्र नोंदीची चिठ्ठी हातात देतो, आणि आपला माणूस ती चिठ्ठी म्हणजेच फिर्याद समजून घरी जातो. हा फरक गावोगाव समजावून सांगा. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच नोंद केलीच पाहिजे, असे घटनापीठाने 2013 मध्ये ललिताकुमारी प्रकरणात ठरवले आहे. लिहिलेला मजकूर फिर्यादीला वाचून दाखवणे हीसुद्धा कायद्याची अट आहे. मोलगीच्या बाईने पावरी किंवा भिली बोलीत सांगावे, लिहिणाऱ्याने मराठीत लिहावे आणि तिने अंगठा उठवावा, हे वाचून दाखवणे नव्हे. तिला तिच्या बोलीत समजावून देणारा माणूस सोबत असलाच पाहिजे. माझ्या मते आपल्या कार्यकर्त्याचे तेच पहिले काम आहे, घोषणा नंतर.

2016 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे हे अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर सर्वसाधारणपणे चोवीस तासांत आणि दुर्गम भागात फार तर बहात्तर तासांत टाकावे लागतात. लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. दोषारोपपत्राचे मात्र तसे नाही. ते आरोपीला विनामूल्य मिळते, नव्या संहितेप्रमाणे वकील दिलेल्या पीडितालाही मिळते. पण ते सर्वांसाठी खुले करण्याची मागणी जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने नाकारली.

सर्वांत घातक कागद म्हणजे जो आपल्याला कळतच नाही तो. पोलीस तपास बंद करून ‘समरी’ पाठवतात: गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही ती ‘ए’, फिर्याद खोटी ती ‘बी’, आणि गैरसमजाने दिलेली अथवा दिवाणी स्वरूपाची ती ‘सी’. ती मंजूर करण्यापूर्वी फिर्यादीला म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, हे 1985 पासूनचे न्यायालयीन बंधन आहे. तरीही मजुरीसाठी गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या माणसापर्यंत नोटीस पोहोचत नाही आणि त्याची फिर्याद दप्तरात खोटी ठरून जाते. म्हणून फिर्याद दिल्यापासून गुन्हा रजिस्टर क्रमांक, तारीख आणि ठाण्याचे नाव शाखेच्या वहीत लिहिलेच पाहिजे. नव्वद दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवणे हे नव्या संहितेने पोलिसांचे कर्तव्य केले आहे. कळवले नाही, तर लेखी विचारा आणि पोच घ्या.

खर्चाचा प्रश्न कोणी काढेल म्हणून सांगतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमान्वये अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मोफत म्हणजे हलका, असा ग्रह करून आपण त्या दाराशी जात नाही. मग सावकाराकडे जातो.

अक्राणीच्या त्या बाबांचे काय झाले, ते सांगून थांबतो. संचिका नष्ट झालेली होती. नोंदवहीत एक ओळ सापडली: नाव, बापाचे नाव, गाव, कलम, दंड. कक्ष क्रमांक तीत नव्हता. तेव्हा नकाशा व कक्षाची नोंद वनखात्याकडे मागितली आहे आणि गावातील दोन वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून घेतले आहेत. नियमांत त्यांनाही पुरावा मानले आहे. 2020 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रासाठी विभागीय समितीकडे अपिलाची वाट उघडली, त्या समितीपुढे हे सारे मांडायचे आहे. आज दुपारी शोध अर्जाचा नमुना वाटला जाईल. ज्यांच्या गावात अशा दंडाच्या आठवणी आहेत, त्यांनी नाव, अंदाजे वर्ष व पकडणाऱ्या गार्डाचे ठाणे एवढे तरी लिहून आणावे.